हॅकेट बाहेर आला नाही

'बिनीथ हिल ६०' हा ऑस्ट्रेलियन चित्रपट २०१० साली आला. दिग्दर्शक जेरेमी सिम्स. पहिल्या महायुद्धात बेल्जियममधल्या ईप्र शहराजवळ, हिल ६० नावाच्या टेकडीच्या पोटात, जमिनीखाली लढलेल्या खाणकामगार सैनिकांची ही गोष्ट ऑलिव्हर वुडवर्ड नावाच्या खऱ्या खाण-अभियंत्याच्या डायरीवर बेतलेली आहे. युद्धपट मी आवडीने पाहते, पण त्यातलं युद्ध बहुतेक वेळा उघड्यावरचं असतं. आकाश, धूर, धावणारी माणसं. इथे सगळं डोक्याला लागणाऱ्या छताखाली, चिखलात आणि मेणबत्तीच्या उजेडात घडतं.

शेवटाकडे येताना टेकडीखाली टनावारी स्फोटकं भरून तयार असतात. ७ जून १९१७, पहाटे ३ वाजून १० मिनिटं ही वेळ ठरलेली असते. आणि त्या आधी थोडा वेळ बोगदा खचतो. टिफिन नावाचा अगदी पोरसवदा सैनिक ढिगाऱ्यामागे अडकतो. साथीदार हातघाईने माती उपसायला लागतात. वुडवर्डसमोर घड्याळ असतं, आणि ते त्याचं एकट्याचं नसतं. त्याच मिनिटाला मेसीन या टेकड्यांच्या रांगेच्या सगळ्या कडेने एकोणीस सुरुंग उडायचे आहेत, वर हजारो माणसं हल्ल्यासाठी सज्ज होऊन बसली आहेत. वुडवर्ड खटका दाबतो.

चित्रपट पाहिलेली माणसं बोलतात ती वुडवर्डबद्दल. त्याने काय करायला हवं होतं, त्याच्या जागी आपण असतो तर काय केलं असतं, वगैरे. प्रश्न खरा आहे आणि त्याला चांगलं उत्तर नाही. माझं मन मात्र टिफिनपाशी अडून बसलं. तो अडकला माती पडली म्हणून. पण तो एकटा पडला तो वेळापत्रकामुळे. त्याच्यापर्यंत पोचणारे हात होते, इच्छा होती, खणायची अवजारं होती. वेळ तेवढी नव्हती, आणि ती दुसऱ्या कुणीतरी, कुठेतरी, नकाशावर ठरवलेली होती.

याच युद्धात, या स्फोटाच्या वर्षभर आधी, फ्रान्समध्ये जिव्हाँशी नावाच्या गावाजवळ आणखी एक माणूस जमिनीखाली अडकला होता. त्याच्याजवळही एक जखमी पोरगा होता. बाहेर पडायला वाट झाली होती, बाहेरचे लोक त्याला बोलावत होते, आणि तो बाहेर आला नाही. विल्यम हॅकेट त्याचं नाव. मला खरं तर त्याच्याबद्दल लिहायचं आहे. पण त्याच्यापाशी जायचं तर आधी ही माणसं जमिनीखाली उतरली कशी, ते सांगायला हवं, आणि ती हकीकत आपल्या माणसांपासून सुरू होते.

१९१४ च्या अखेरीस पश्चिम आघाडी खंदकांत रुतून बसली. वरून पुढे सरकता येईना, तेव्हा खालून सरकायचा जुना उपाय निघाला. जुना म्हणजे किती, तर मराठी माणसाला शाळेपासून ठाऊक असलेला. १६६० साली शाहिस्तेखानाने चाकणच्या संग्रामदुर्गाला वेढा घातला. फिरंगोजी नरसाळ्याने जवळजवळ दोन महिने तो छोटा भुईकोट लढवला. शेवटी मोगलांनी बुरुजाखालपर्यंत भुयार नेलं, दारू ठासली, आणि बुरूज वरच्या माणसांसकट उडाला. फिरंगोजीचं नाव राहिलं. ते भुयार खणणाऱ्यांपैकी कुणाचं राहिलं नाही.

२० डिसेंबर १९१४ रोजी जर्मनांनी जिव्हाँशी आणि फेस्तुबेरच्या मधल्या खंदकांखाली हेच केलं. सुमारे पन्नास-पन्नास किलोचे दहा सुरुंग त्यांनी एकापाठोपाठ उडवले. वर खंदकात होती हिंदुस्थानी फौजेच्या लाहोर डिव्हिजनमधली सरहिंद ब्रिगेड. ही माणसं मार्सेलच्या बंदरात उतरून काही आठवडेच झाले होते. हिवाळा नवा, चिखल नवा, शत्रू नवा, आणि पायाखालची जमीन उडू शकते हेही नवं. त्या सकाळी जे गेले त्यांतल्या कित्येकांना मरण कुठून आलं ते कळलंही नसेल.

इंग्रजांपाशी याला उत्तर नव्हतं. या धक्क्यानंतर लष्कराने जॉन नॉर्टन-ग्रिफिथ्स या बांधकाम कंत्राटदाराचं ऐकलं. हा खासदारही होता, आणि त्याची माणसं मँचेस्टरमध्ये मैल्याच्या पाण्याचे भुयारी नाले खणत होती. १९१५ च्या फेब्रुवारीत पहिल्या टनेलिंग कंपन्या, म्हणजे बोगदे खणणाऱ्या लष्करी तुकड्या, उभ्या राहिल्या. ज्या तुकड्यांवर पुढे चित्रपट निघाले, पुस्तकं लिहिली गेली, त्यांच्या जन्माचं कारण जिव्हाँशीला गाडले गेलेले गुरखे आणि इतर हिंदी शिपाई आहेत. चित्रपटांत हे येत नाही. ऑस्ट्रेलियन दिग्दर्शकाने आपल्या माणसांची गोष्ट सांगितली, त्यात त्याचं काही चुकलं नाही. आपली गोष्ट आपण सांगितलेली नाही, हे मला खटकतं.

जिव्हाँशीच्या उत्तरेला थोड्याच अंतरावर नव्ह शापेल आहे. २८ ऑक्टोबर १९१४ ला तिथे खडकीहून गेलेल्या तिसऱ्या सॅपर्स अँड मायनर्सच्या, म्हणजे आजच्या बॉम्बे सॅपर्सच्या, २० आणि २१ नंबरच्या कंपन्या सत्तेचाळिसाव्या शीख पलटणीबरोबर गावात घुसल्या. पूल बांधणारी, रस्ते करणारी, सुरुंग लावणारी ही कारागीर माणसं त्या दिवशी संगिनी लावून घराघरांतून पायदळासारखी लढली. फार माणसं पडली, गोरे अधिकारी जवळजवळ सगळे मारले गेले किंवा जखमी झाले. आज नव्ह शापेलला १९२७ साली उभारलेलं हिंदी सैनिकांचं स्मारक आहे. कबर नसलेल्या ४,७०० हून अधिक माणसांची नावं त्याच्या गोल भिंतीवर कोरली आहेत. खडकीच्या रस्त्याने जाताना त्या लष्करी फाटकांपलीकडे मी नेहमीच पाहत आले, पण इथून निघालेला माणूस फ्लँडर्सच्या चिखलात पोचला होता हे ध्यानात यायला मला एक परदेशी चित्रपट लागला.

आता खाली काय चालायचं ते. फ्लँडर्सच्या वरच्या ओल्या वाळूखाली निळसर चिकणमातीचा जाड थर आहे. ती माती कुदळीने खणली तर आवाज होतो. नॉर्टन-ग्रिफिथ्सच्या माणसांना वेगळी रीत येत होती. एक जण लाकडी फळीच्या आधाराला पाठ टेकून, पाय पुढच्या मातीकडे करून तिरका पडायचा, आणि अरुंद पात्याचं फावडं दोन्ही टाचांनी मातीत दाबायचा. ढेकूळ सुटलं की दुसरा ते गोणीत भरायचा, तिसरा छोट्या गाडीवरून मागे न्यायचा. ठोका नाही, खणखणाट नाही. जर्मन कुदळी मारत असताना ही माणसं त्यांच्याहून कितीतरी भराभर आणि जवळजवळ मुक्याने पुढे सरकत असत.

मुक्याने सरकायचं, कारण पलीकडे कुणीतरी ऐकत असे. जमिनीखालचं ते युद्ध मुख्यतः कानांचं होतं. मुख्य बोगद्यातून पुढे काढलेल्या एखाद्या चिंचोळ्या फाट्याच्या टोकाशी एक माणूस बसवायचे. त्याने बोलायचं नाही, हलायचं नाही, फक्त ऐकायचं. पुढे जिओफोन आले: दोन लाकडी चकत्यांत पारा आणि अभ्रक बसवलेले, डॉक्टरच्या स्टेथोस्कोपसारख्या नळ्यांनी कानाला जोडलेले. त्यावरून आवाज कुठल्या दिशेने आणि साधारण किती अंतरावरून येतोय ते सांगता येई. समोरून खणण्याचा आवाज येतोय तोवर ऐकणाऱ्याला धीर असे. समोरचा अजून खणतोय, म्हणजे त्याची दारू भरून झालेली नाही. गोण्या ओढल्याचा आवाज आला की पोटात गोळा. आणि मग सगळं शांत झालं, की जीव घेऊन मागे पळायचं की थांबून खात्री करायची, हे त्या एकट्याने ठरवायचं.

एकट्या अडकलेल्या सैनिकाचा चित्रपट कुणाला करायचा असेल तर हा ऐकणारा माणूस मला आदर्श वाटतो. तो कशाखाली गाडला गेलेला नाही. परतीची वाट त्याच्या पाठीशी उघडी आहे. तरी त्याच्याइतका अडकलेला दुसरा कुणी नाही.

मरणाच्या रीतीही तिथल्या वेगळ्या. शत्रूचा बोगदा जवळ आला असं वाटलं की मोजून मापून छोटा स्फोट करायचा, इतकाच की वरची जमीन फुटू नये आणि समोरचा बोगदा मात्र आतल्या माणसांवर बसावा. स्फोटानंतर कार्बन मोनॉक्साईड भरून राही. त्याला वास नाही, रंग नाही. म्हणून पिंजऱ्यात कॅनरी पक्षी आणि उंदीर न्यायचे, खाणीत नेतात तसे. चुकून दोन बोगदे एकमेकांत उघडले तर त्या साडेतीन-चार फुटांच्या अंधारात पिस्तुलं आणि सुरे चालायचे.

हा चित्रपट मी मामाबरोबर पुन्हा पाहिला. माझा मामा चंद्रपूरकडच्या कोळसा खाणीत, जमिनीखालच्या, माइनिंग सरदार होता. सरदार म्हणजे आपल्या भागातल्या माणसांच्या जिवाची जबाबदारी कायद्याने ज्याच्यावर असते तो. पाळीच्या सुरुवातीला आधी तो आत जातो, वायू तपासतो, छत ठोकून बघतो. घट्ट छत खणखणीत वाजतं, सुटलेलं ढबढब करतं. मामा निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण नव्या घरात गेला की अजूनही त्याचं लक्ष आधी वर जातं. चित्रपटातली लढाई त्याने फारशी मनावर घेतली नाही. बोगदा खचतो त्या जागी मात्र तो पुढे सरकून बसला आणि म्हणाला, "अगं, टेकू बघ किती लांब लांब लावलेत." मग बराच वेळ काही बोलला नाही. हॅकेटची हकीकत मी त्याला नंतर सांगितली. ती ऐकताना त्याने जे प्रश्न विचारले ते मला कधीच सुचले नसते.

हॅकेट जन्माने नॉटिंगहॅमचा, राहायला यॉर्कशरमधल्या मेक्सबरोला. कोळसा खाणीत वीसहून अधिक वर्षं घालवलेला. युद्ध सुरू झाल्यावर तो पायदळात भरती व्हायला गेला. वय जास्त म्हणून तीनदा परत पाठवला. टनेलिंग कंपन्यांना खाणीतली माणसं हवी होती, त्यांनी १९१५ च्या ऑक्टोबरमध्ये घेतला. जेमतेम दोन आठवड्यांचं प्रशिक्षण, की निघाला फ्रान्सला. त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. बायकोला, अ‍ॅलिसला, जाणारी पत्रं एक सोबती लिहून देई. तो आघाडीवर असतानाच, १९१६ च्या जानेवारीत, त्याच्या मुलाला खाणीतल्या अपघातात पाय गमवावा लागला. मुलगा चौदा वर्षांचा होता. ही बातमीसुद्धा हॅकेटला दुसऱ्या कुणीतरी वाचून दाखवली असणार. मुलाचा पाय गेल्याचं वाक्य परक्या आवाजात ऐकायचं, आणि मग पाळीला खाली उतरायचं.

२२-२३ जून १९१६ ची रात्र. हॅकेट २५४ व्या टनेलिंग कंपनीत होता. जिव्हाँशीसमोर शाफ्ट्सबरी नावाच्या शाफ्टमधून, म्हणजे खाली उतरायच्या उभ्या विहिरीतून, सुमारे ३५ फूट खाली, पाच जण बोगद्याचं काम करत होते. पहाटे तीनच्या सुमाराला जर्मनांनी एक प्रचंड सुरुंग उडवला. वर वेल्श पलटणीची माणसं होती, त्यांच्यातली फार गेली. त्या विवराला पुढे त्यांच्याच चिन्हावरून रेड ड्रॅगन हे नाव पडलं. खाली शाफ्ट आणि या पाच जणांच्या मधला बोगदा बसला.

बाहेरचे खणायला लागले, आतलेही. वीस तासांनी माती आणि मोडक्या लाकडांतून एक भोक पडलं. हॅकेटने तिघांना त्यातून बाहेर काढायला मदत केली. पाचवा टॉमस कॉलिन्स, वेल्श रेजिमेंटच्या स्वॉन्सी पलटणीतला, बावीस वर्षांचा, जबर जखमी. त्याला त्या भोकातून ओढून काढणं शक्य नव्हतं. बाहेरचे हॅकेटला म्हणत होते, तू ये. तो सहज येऊ शकत होता, असं त्याला मिळालेल्या व्हिक्टोरिया क्रॉसच्या, ब्रिटनच्या सर्वोच्च शौर्यपदकाच्या, अधिकृत मजकुरात स्पष्ट लिहिलं आहे. त्याचं उत्तरही त्यातच आहे: "मी टनेलर आहे. मला आधी बाकीच्यांचं बघायला हवं."

माती सरकत होती आणि भोक लहान होत होतं. तो तरी निघाला नाही. मग बोगदा पुन्हा बसला. बाहेरच्यांनी चार दिवस खणलं. ते दोघे सापडले नाहीत.

मामाने विचारलं, "माती वरून येत होती की बाजूने?" मग, "लाकूड कुठलं वापरत होते?" आणि शेवटी, "त्या पोराला शुद्ध होती का?" मला एकाही प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही. पण त्याचे प्रश्न ऐकताना मला त्या सन्मानपत्रातलं शेवटचं वाक्य वेगळं दिसायला लागलं. सरकत्या मातीचा स्वभाव आणि आपल्या वाचण्याची शक्यता किती, हे पुरतं ठाऊक असताना हॅकेटने जाणूनबुजून सोबत्यासाठी जीव दिला, असं ते वाक्य आहे. लष्करी कागदांत शौर्य, निर्धार, कर्तव्य हे शब्द असतातच. इथे कुणीतरी मातीबद्दल लिहिलं. वीस वर्षं छत ठोकून बघणाऱ्या माणसाला ते भोक किती वेळ टिकेल याचा अंदाज बाहेरच्या कुणाहीपेक्षा जास्त होता. मोहिमेच्या भरात, गोळ्यांच्या पावसात केलेलं धाडस वेगळं. हॅकेट तिथे बसला, त्याने हिशेब केला, तो बरोबर आला, आणि तो बसून राहिला.

त्याच्या उत्तरात देश नाही, राजा नाही, पलटणीची इभ्रत नाही. तो आपल्या कामाचं नाव सांगतो. तो टनेलर आहे आणि कॉलिन्स पायदळातून आलेला पोरगा आहे, जमिनीखालचं काम ज्याचं नव्हे असा. मामाच्या खाणीत पाळी सुटली की लॅम्प रूममध्ये दिवे परत यायचे. एखादा दिवा आला नाही तर त्याचा माणूस खाली आहे असं समजायचं, आणि मग कुणाची पाळी संपली, कुणाचं जेवण राहिलं याला अर्थ नसायचा. मामाला हॅकेटच्या वाक्यात नवल वाटलं नाही. "सरदार असता तर तेच म्हणाला असता," एवढंच म्हणाला. मला नवल वाटलं, आणि अजून वाटतं, कारण हॅकेट सरदार नव्हता. तो साधा सॅपर होता, हुद्द्याने सगळ्यात खालचा. कॉलिन्सची जबाबदारी कुणी त्याच्यावर टाकली नव्हती.

शेवटच्या कोसळण्यानंतर आत काय झालं, ते दोघे किती वेळ जगले, काय बोलले, याची मी कल्पना करणार नाही. तेवढी जागा त्यांची राहू दे.

दोघे अजून तिथेच आहेत. वर शेत आहे. स्मारकांच्या नियमांनी मात्र त्यांची ताटातूट केली: हॅकेटचं नाव बेल्जियममध्ये प्लूगस्टीर्टच्या स्मारकावर, कॉलिन्सचं कितीतरी दूर, सोमच्या रणभूमीवरच्या तिएपव्हालच्या स्मारकावर. एकमेकांशेजारी निजलेली माणसं कागदावर दोन देशांत गेली. १९ जून २०१० ला जिव्हाँशीला टनेलर्सचं एक छोटं स्मारक उभं राहिलं आणि दोघांची गोष्ट पहिल्यांदा एका जागी आली. 'बिनीथ हिल ६०' त्याच वर्षी आला, हा निव्वळ योगायोग.

त्या जमिनीखाली अजून बरंच काही शिल्लक आहे. मेसीनच्या वेळी भरलेले पण न उडवलेले काही सुरुंग तसेच राहून गेले होते. त्यातला एक १९५५ मध्ये वीज पडून उडाला, एक गाय मेली. आणि हिल ६० म्हणजे मुळात एकोणिसाव्या शतकात रेल्वेच्या खोदाईतून निघालेल्या मातीचा ढीग. माणसांनी उपसून ठेवलेल्या मातीसाठी माणसं पुन्हा माती खणत राहिली. ती जागा आज तशीच जपून ठेवली आहे, कारण तिच्या पोटात दोन्ही बाजूंचे सैनिक आहेत.

हॅकेटवर पूर्ण लांबीचा चित्रपट कुणी केला तर मी पहिल्या दिवशी जाईन. माझ्या मागण्या थोड्या आहेत. कॅमेरा त्या वीस तासांत वर नेऊ नये. सेनापती नको, नकाशा नको, मेक्सबरोच्या घराच्या सोनेरी आठवणी नकोत. पाच माणसं, लाकूड, माती, आणि बाहेरून येणारा खणण्याचा आवाज. याच आवाजाने इतर दिवशी त्यांच्या पोटात धस्स होत असे, आज तो आपल्या माणसांचा आहे. हा फरक फक्त आवाजाने दाखवता येईल, आणि ते करू शकणारे ध्वनिसंयोजक आपल्याकडेही आहेत. सुरुवात मात्र १९१४ च्या डिसेंबरातल्या त्याच गावाने करावी, सरहिंद ब्रिगेडच्या खंदकात, एखाद्या गुरखा शिपायाच्या पायाखाली. आणि पुढची सगळी गोष्ट बाहेर आलेल्या त्या तिघांपैकी एकाच्या बाजूने सांगावी. त्याने ते वाक्य इतक्या जवळून ऐकलेलं असणार. चित्रपटाचा शेवटचा भाग त्याचा असावा: तो वर आल्यावरच्या चार दिवसांचा, ज्यांत त्याचे सोबती शाफ्टमध्ये पाळीपाळीने उतरतायत, आणि त्याला पुन्हा खाली उतरायचं आहे की नाही हे त्याने ठरवायचं आहे.